कोणत्या मांडवात बसायचं?

घानात माणूस कधीही मरतो, पण अंत्यविधी होतो बहुधा शनिवारी. अबेनाची आजी, तिच्या वडिलांची आई, मार्चमध्ये गेली आणि तिला पुरायची तारीख निघाली मेच्या अखेरीस. तोवर शवागार. आपल्याकडे प्रेत जास्त वेळ ठेवलं की शेजारी कुजबुजतात, इथे घाईने उरकलं तर कुजबुजतात. लंडन-ॲमस्टरडॅमचे नातेवाईक यायचे असतात, घराला रंग द्यायचा असतो, मांडव-खुर्च्या ठरवायच्या असतात. मृताचा फोटो आणि वय ठळक छापलेली पोस्टरं चौकाचौकांत लावायची असतात. म्हातारीच्या पोस्टरवर वय होतं ९१.

अबेना हे तिचं वाराचं नाव. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून प्रत्येकाला एक नाव मिळतंच. मंगळवारच्या सगळ्या मुली अबेना. शाळेच्या दाखल्यावर तिचं बायबलमधलं नाव आहे, ते इथे देत नाही. पदवी झाली की इथे वर्षभर राष्ट्रीय सेवा करावी लागते. ती करायला अबेना राजधानी अक्राजवळच्या टेमाला आमच्या हिशेब विभागात आली आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. ती मला 'अँटी' म्हणते. मी तिला 'अगं' म्हणते आणि आता तिला ते कळतं.

ती आजीकडे जायला घाबरत होती, आणि त्याचं कारण मरण नव्हतं. अबेनाचे वडील असांते, म्हणजे कुमासी शहराच्या बाजूचे अकान. अकानांत कूळ आईकडून चालतं. मूल आईच्या कुळाचं, आणि पुरुषाचा जुना वारस त्याचा मुलगा नव्हे, भाचा. केरळच्या नायरांची पूर्वीची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. अबेनाची आई मात्र एवे, पार पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या अन्लोगाची. एवे लोकांत कूळ बापाकडून. आता बेरीज करा. वडिलांकडचे म्हणतात, पोर आमच्या मुलाची खरी, पण कूळ तिच्या आईचं. आईकडचे म्हणतात, पोर आमच्या मुलीची खरी, पण कूळ तिच्या बापाचं. हेच उलट असतं, आई असांते आणि बाप एवे, तर पोरीला दोन कुळं मिळाली असती. हिच्या हाती शून्य.

१९८५ साली सरकारने कायदा करून, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या मालमत्तेत बायको-मुलांना वाटा दिला. त्याआधी नवरा गेला की भाचे येऊन बायकोला घराबाहेर काढायचे, असे किस्से इथे कुणीही सांगेल. कायद्याने घर मिळतं, मांडवातली खुर्ची मिळत नाही. "अँटी, तिथे मी कुठे बसायचं तेच मला माहीत नाही," अबेना म्हणाली. "तुम्ही आलात तर निदान तुमच्याबरोबर पाहुण्यांत बसता येईल."

मी रजा टाकली.

बुधवार

टेमाहून कुमासीला सरळ जाता येतं. आम्ही वाकडी वाट धरली, कारण अबेनाने केप कोस्टचा किल्ला पाहिलेला नव्हता. शाळेची सहल गेली तेव्हा तिला मलेरिया झाला होता.

केप कोस्टच्या गाड्या अक्रात कानेशीला लागतात. गाडी भरल्याशिवाय हलत नाही. भरली की एक प्रवचनकार चढतो, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून जोरजोरात प्रार्थना म्हणतो आणि पाकीट फिरवतो. तो उतरला की औषधवाला चढतो. एकच मलम सांधेदुखीला, गजकर्णाला आणि पोटाला चालतं. मागच्या बाकावरच्या आजींनी दोन डब्या घेतल्या.

अबेना लेगॉनच्या विद्यापीठातली. मी सहज विचारलं, तुमच्याकडे गांधींचा पुतळा होता ना? "होता," ती म्हणाली. २०१६च्या जूनमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी आले होते तेव्हा तो बसवला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधींनी काळ्या लोकांविषयी जे लिहिलं ते पुढे ठेवून प्राध्यापकांनी अर्ज केला आणि २०१८च्या डिसेंबरात पुतळा हलवला गेला. मी लगेच वकिली सुरू केली: ते सुरुवातीचे गांधी, नंतरचे वेगळे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अँटी, नंतरचे चांगले असतील. पण आमच्या अंगणात आधी आमची माणसं उभी करायला नकोत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

किल्ला लांबून देखणा दिसतो. पांढऱ्याशुभ्र भिंती, काळ्या तोफा, खाली फुटणारा समुद्र. रत्नागिरीत वाढल्यामुळे पाण्याजवळचा किल्ला दिसला की माझी मान आपोआप ताठ होते. इथे ती पहिल्या पाच मिनिटांत खाली येते. १६५३ साली स्वीडनच्या व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली, पुढच्या दशकात ती इंग्रजांकडे गेली. आधी सोनं, मग माणसं. पुरुषांच्या तळघरात उतार आहे आणि जमिनीत एक पन्हळ खोदलेली आहे. मार्गदर्शकाने दिवा घालवला. भिंतीत वर एक झरोका, बाकी काळोख. पायाखाली दगडावर जो थर दिसतो तो मातीचा नाही, माणसांच्या घाणीचा आहे, हे त्याने दिवा लावल्यावर सांगितलं. याच तळघराच्या डोक्यावर प्रार्थनाघर होतं.

आमच्या गटात अमेरिकेहून आलेली सात-आठ कृष्णवर्णीय माणसं होती. त्यांतल्या एक बाई भिंतीला कपाळ टेकून रडत होत्या. कोपऱ्यात आधीच्या लोकांनी ठेवलेली पुष्पचक्रं होती, त्यांच्या रिबिनींवर शिकागो नि किंग्स्टनची नावं. सगळे अबेनाकडेही बघत होते, की ही इथली पोर, हिला तर जास्तच भरून आलं असेल. तिचे डोळे कोरडे होते. जिथून माणसं जहाजांवर चढवली तो दरवाजा ओलांडला की पलीकडे कोळ्यांची वस्ती आहे: रंगीत होड्या, जाळी विणणारी माणसं, मासळीवरून चाललेली भांडणं. दाराच्या बाहेरच्या अंगाला 'परतीचं दार' अशी पाटी लावली आहे.

"ही पाटी त्यांच्यासाठी," अबेना म्हणाली. "२०१९ला सरकारने त्यांना बोलावलं, या, परत या. शंभरावर लोकांना नागरिकत्व दिलं. चांगलं केलं. त्यांना आपण नक्की कुठून आलो ते माहीत नाही. मला गाव माहीत आहे, घर माहीत आहे, पोस्टरवर फोटो आहे. माझ्यासाठी कुठली पाटी?"

खानावळीत केळीच्या पानात उकडलेलं आंबवलेल्या मक्याचं केंके, तळलेली मासळी आणि काळीभोर तिखट शितो चटणी खाताना मी तिला जोतीराव फुल्यांचं सांगितलं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहून अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. तिने विचारलं, "म्हणजे आम्ही त्यांना माहीत होतो?" मी म्हटलं, अमेरिकेत नेलेले माहीत होते. गंमत बघा, त्याच १८७३च्या ऑक्टोबरात इंग्रज जनरल वूल्सली याच केप कोस्टला उतरला, कुमासीवर चाल करायला. पुण्यात ते पुस्तक ताजं होतं तेव्हा इथे ही तयारी चालली होती.

गुरुवार

केप कोस्टहून उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर आसिन मान्सो. आतून पकडून आणलेल्या लोकांना किनाऱ्यावर नेण्याआधी इथल्या ओढ्यात शेवटची आंघोळ घालत. बांबूच्या सावलीतून अनवाणी चालत जायचं असतं. ओढा छोटा, पाणी गढूळ, पाऊस नुकता सुरू झालेला. १९९८ साली एक अमेरिकेतून आणि एक जमैकातून असे दोन गुलामांचे अवशेष आणून इथे पुरले आहेत.

इथे परत आलेल्यांनी आपली नावं लिहायची एक भिंत आहे. अबेना तिच्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मार्गदर्शक हसून म्हणाला, "तू कशाला? तू इथलीच." तिनेही हसून घेतलं. गाडीत बसल्यावर मात्र तासभर बोलली नाही.

मग बोलली ती शाळेबद्दल. वर्गाबाहेर पाटी होती: देशी भाषा बोलायची नाही. बोलताना सापडलं तर दंड, नाहीतर गळ्यात लाकडी फळी. घरी वडील ट्वी, आई एवे, दोघांची एकमेकांशी इंग्रजी आणि टेमाच्या रस्त्यावर 'गा' ही भाषा. चारही येतात, पण ट्वी बोलली की कुमासीचे लोक ओळखतात, ही अक्राची. एवे बोलली की आईच्या बहिणी गोड हसतात. इंग्रजी बोलली की कुणीच हसत नाही. मी माझ्या भाच्याची शाळा सांगितली, ठाण्याची. मराठी बोललं की तिथे पाच रुपये दंड आणि आईवडिलांना त्याचा अभिमान. तिला हे ऐकून बरं वाटल्यासारखं दिसलं, मला नाही वाटलं.

कुमासीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

शुक्रवार

मान्हिया राजवाड्याचं संग्रहालय बाहेरून अगदी साधं, दुमजली घर. पण या घराची गोष्ट मला सबंध प्रवासात सर्वांत आवडली. १८७४च्या फेब्रुवारीत वूल्सलीच्या सैन्याने कुमासी लुटून जाळलं. १८९६मध्ये इंग्रजांनी राजा प्रेम्पेला पकडला आणि शेवटी सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवला. १९०० साली इंग्रज गव्हर्नरने असांतेंचं सुवर्णासन मागितलं. या आसनात सगळ्या लोकांचा आत्मा आहे असं मानतात. त्यावर राजासुद्धा बसत नाही, आणि याला त्यावर बसायचं होतं. एजिसूची राजमाता याआ असांतेवा लढाईला उभी राहिली. तीही पकडली गेली आणि १९२१मध्ये सेशेल्सलाच वारली. सुवर्णासन इंग्रजांना कधीच सापडलं नाही. १९२४ला प्रेम्पे परतला तो 'मिस्टर एडवर्ड प्रेम्पे' म्हणून, बाप्तिस्म्याचं नाव घेऊन, साधा नागरिक म्हणून. त्याला राहायला इंग्रजांनी हे घर बांधून भेट दिलं. असांतेंनी भेट नाकारली. वर्गणी काढून घराची किंमत चुकती केली, आणि मग राजाला आत राहू दिलं.

मी अबेनाला म्हटलं, आमच्या रत्नागिरीत असाच एक राजा आणून ठेवला होता. ब्रह्मदेशचा थिबा, १८८६पासून. त्याच्यासाठी बांधलेला वाडा अजून आहे. तो परत गेला नाही, १९१६ला तिथेच वारला. थोरली राजकन्या पुढे ब्रह्मदेशातून रत्नागिरीला परतली आणि गरिबीत गेली. लहानपणी आम्ही त्या वाड्यापुढे लपाछपी खेळायचो. अबेनाने विचारलं, "वाड्याचे पैसे कुणी दिले?" हिशेब विभागातली मुलगी, बरोबर जागी बोट ठेवते.

आत राजा-राण्यांचे मेणाचे पुतळे आहेत, कुमासीतला पहिला टीव्ही आहे, आणि २०२४पासून लंडनच्या दोन संग्रहालयांतून आलेल्या सोन्या-चांदीच्या ३२ वस्तू. दीडशे वर्षांनी त्या घरी आल्या आहेत, पण उसन्या. तीन वर्षांचा करार, वाढवला तर आणखी तीन. त्या संग्रहालयांना कायमच्या परत देता येत नाहीत असा ब्रिटिश कायदा आहे. लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने त्याच वर्षी सात वस्तू कायमच्या देऊन टाकल्या, त्यांना कुठला कायदा आडवा आला नाही. एका काचेत तळहाताएवढी सोन्याची चकती आहे. मधोमध उंचवटा, त्याभोवती बारीक रेघांची वर्तुळं. राजाचा आत्मा शुद्ध करणारे सेवक ती छातीवर घालत. अबेना काचेला नाक लावून बघत होती. वडिलांचे लोक, तिचे नव्हेत, असं कालपर्यंत म्हणणारी पोर मला म्हणाली, "आमचंच सोनं, आणि आम्हाला उसनं!" मी काही बोलले नाही.

दुपारी केजेटियाच्या बाजारात मला काळं कापड घ्यायचं होतं. बाजार इतका मोठा आहे की वाट विचारत जाण्यातच दमायला होतं. कापडाच्या गल्लीला लागून क्रीमची गल्ली. गोरं करणारी, उजळ करणारी, 'टोन' सुधारणारी. हायड्रोक्विनोन घातलेल्या क्रीमवर सरकारने २०१६मध्ये बंदी आणली, पण गल्ली काही रिकामी झालेली नाही. अबेना सोळाव्या वर्षी लावायची. गालांवर चट्टे उठले तेव्हा आईने डबी कचऱ्यात टाकली. "तुमच्या देशातूनही येतात ना?" तिने विचारलं. येतात. माझ्या लग्नाच्या वेळी मामा स्थळांना सांगायचा, मुलगी सावळी, पण नाकीडोळी नीटस.

"तुम्ही लावलंत?"

"दोन वर्षं."

"मग?"

"मग काय, उन्हात पापड घालायला जावंच लागायचं."

शनिवार

गाव कुमासीपासून तासाभरावर. पहाटेच्या अंधारात आम्ही पोचलो तेव्हा दर्शन सुरू झालं होतं. म्हातारीला पितळी पलंगावर निजवलं होतं, अंगावर हातमागाचं केन्टे कापड, मनगटात सोनेरी कडी. बायका पलंगाभोवती फिरत मोठ्याने तिच्याशी बोलत होत्या: आम्हाला टाकून चाललीस, पलीकडच्यांना आमचा निरोप सांग. अबेना एक फेरी मारून बाहेर आली. दहाच्या आत चर्च आणि दफन उरकलं.

खरा कार्यक्रम त्यानंतर, गावाच्या मैदानावर. चारी बाजूंनी मांडव, मधे मोकळी जागा, काळ्या-लाल कापडाच्या झालरी, भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि छातीत धडधडणारे ध्वनिवर्धक. एका बाजूला मृताचं कूळ, समोर सोयरे, तिसरीकडे गावचे मानकरी आणि चर्चवाले, चौथीकडे आमच्यासारखे. येणारा प्रत्येक गट उजवीकडून डावीकडे जात, बसलेल्या एकूण एक माणसाशी हस्तांदोलन करत फिरतो. तासाभरात माझा पंजा दुखायला लागला.

अबेनाचे वडील कुळाच्या मांडवात, पहिल्या रांगेत, डोक्याला लाल पट्टी. त्यांच्या बहिणींची मुलं त्यांच्या मागे. अबेनाची आई टेमाहून चर्चच्या बायकांबरोबर एकसारखं कापड नेसून आली आणि सोयऱ्यांत जाऊन बसली. सून म्हणून तिची जागा पक्की. अबेना माझ्याशेजारी बसली खरी, पण खुर्चीला पाठ न टेकता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ट्वीत विचारलं, कुणाची तू? तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, "असं होय, मुलाची." एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. अबेना चपलेच्या टोकाने माती उकरत राहिली.

मांडवांच्या मधे देणगीचं टेबल असतं. आपल्या लग्नातला आहेर घ्यायला बसतात तसंच, फक्त इथे पावती मिळते आणि रक्कम ध्वनिवर्धकावरून सगळ्या गावाला ऐकवतात. अमुक अमुक, कुमासीहून, शंभर सेडी. टाळ्या. तमुक, हॅम्बर्गहून, पन्नास युरो. जास्त टाळ्या. टेबलामागचा तरुण पावत्या फाडताना गडबडत होता. रांग वाढली, नावं चुकू लागली. एका काकांनी दिलेले दोनशे सेडी 'वीस' म्हणून पुकारले गेले आणि काका थेट माइकपाशी जाऊन भांडू लागले.

तेवढ्यात आमच्या समोर एक धिप्पाड बाई येऊन उभी राहिली. अबेनाची आत्या, म्हातारीची थोरली मुलगी. डोळे रडून सुजलेले, आवाज खणखणीत.

"तू टेमाला काय करतेस?"

"हिशेब विभागात आहे, आत्या."

"मग इथे बसून काय करतेस? ऊठ."

"मी कुठल्या बाजूला..."

"बाजू? तुझ्या बापाने तुला माझ्या आईचं नाव दिलं. तू आलीस की मी तुला आई म्हणते आणि तू मला बाजू विचारतेस? तिकडे पैसे चुकताहेत, ऊठ!"

इथे मुलाचं नाव ठेवायचा मान बापाचा. अकान समजुतीप्रमाणे रक्त आईकडून येतं आणि तेज बापाकडून. अबेनाचं तिसरं नाव, जे ती ऑफिसात कधी लिहीत नाही, ते या म्हातारीचं होतं. हे मला तेव्हा कळलं.

पुढचे चार तास ती त्या टेबलावर होती. मी अधूनमधून पाण्याची पिशवी नेऊन द्यायची, तेव्हा बघायची. पावतीपुस्तक तिने आखून घेतलं: अनुक्रमांक, नाव, गाव, रक्कम. नोटा मूल्याप्रमाणे वेगळ्या करून रबर लावले. आणि एक रकाना स्वतःहून वाढवला: मृताशी नातं. पावतीला त्याची काहीच गरज नव्हती. प्रत्येकाला ती विचारायची, कोण लागता? लोक खुशीने सांगायचे. तुझ्या बापाच्या मामाची नात. तुझ्या आजीबरोबर बाजारात टोमॅटो विकायची. तुझ्या आजीने माझं बाळंतपण केलं. रांग आणखी लांबली, पण आता कुणी भांडत नव्हतं. ट्वीत ती अडखळली की रांगेतलेच शब्द पुरवायचे.

माइकवाल्याने मधेच जाहीर केलं: पावत्या लिहिणारी मुलगी म्हातारीच्या मुलाची मुलगी, म्हातारीच्याच नावाची, टेमाहून आली आहे. टाळ्या. कुळाच्या मांडवात तिच्या वडिलांनी टोपीसारखी लाल पट्टी नीट केली आणि दुसरीकडे पाहिलं.

माझेही दोनशे सेडी पुकारले गेले. गुरुवारचा जन्म सांगितल्यावर माझं नाव 'मादाम याआ, इंडिया' असं झालं होतं. आत्याने मला हाताला धरून मधे नेलं आणि अडोवा नाचायला लावलं. त्याविषयी इथे लिहीत नाही, कारण कुणीतरी काढलेला व्हिडिओ रत्नागिरीपर्यंत पोचलेला आहे.

रविवार

आज काळ्याऐवजी काळं-पांढरं. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना, पुन्हा वर्गणी, पुन्हा नाच. अबेनाची आई दुपारीच टेमाला परतली. आणि मग आत्याच्या अंगणात कुळाची बैठक, हिशेबाची. शवपेटी, शवागार, मांडव, रुग्णवाहिका, पेयं, वाजंत्री. जमा कमी, खर्च जास्त. हे बहुतेक ठरलेलं असतं. राहिलेलं कर्ज कुळातल्या मोठ्या माणसांवर वाटून टाकतात, पुरुषांना जास्त, बायकांना कमी.

हिशेब अबेनाने वाचला. कुळाच्या प्रमुखांनी, म्हणजे पांढऱ्या केसांच्या एका किरकोळ बांध्याच्या आजोबांनी, दोनदा थांबवून बेरीज पडताळली आणि मान डोलावली. नावं वाचली गेली, प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा ठरला. यादी संपली तेव्हा अबेनाने पर्समधून तीनशे सेडी काढून टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"माझा वाटा."

आजोबा म्हणाले, "बाळ, हे कर्ज कुळाचं आहे. तुझा बाप देतोय." रागाने नाही, समजावून. तिने पैसे उचलले नाहीत. वडील मधे पडले नाहीत. पडू शकत नव्हते की पडायचं नव्हतं, मला कळलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, हेही लिहून ठेवते. ट्वीत बरंच बोलणं झालं. आत्याचा आवाज चढला, आजोबांचा चढला नाही. नियम नियमच राहिला. शेवटी निघालेली तोड अशी: पैसे कर्जात नाही, देणगीत धरायचे, कालच्या तारखेने.

पावती फाडायची जबाबदारी अर्थात अबेनाचीच. तिने स्वतःलाच पावती लिहिली. नावाच्या रकान्यात आधी वाराचं नाव, मग आजीचं, मग वडिलांचं. बायबलचं नाव लिहिलं नाही. जागा उरली नव्हती असं तिने मला नंतर सांगितलं. नात्याच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मग तिने लिहिलं 'नात'. आजोबांनी सही केली.

मी तिला विचारलं, वाईट वाटलं का? "वाटलं ना. पण अँटी, त्यांनी निदान माझ्याशी वाद घातला. टेमाला असते तर कुणी वादही घातला नसता."

सोमवार

बस दुपारची होती, म्हणून सकाळी बोन्विरेला जाऊन आलो. केन्टे विणणाऱ्यांचं हे प्रसिद्ध गाव. माग अगदी अरुंद. विणकर दोऱ्यांना बांधलेल्या चकत्या पायाच्या बोटांत धरतो आणि पाय वरखाली करून ताणा उघडतो. हात धोट्यावर, पायाची बोटं चकत्यांवर, आणि समोर जेमतेम चार इंची पट्टा सरकत येतो. असे पट्टे शेजारी शेजारी शिवून सबंध कापड होतं. प्रत्येक नक्षीला नाव आहे. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांनी इजिप्तच्या फातियाशी लग्न केलं तेव्हा एका नक्षीला नाव पडलं, 'फातिया एन्क्रुमाला शोभते'. १९६६ला लष्कराने एन्क्रुमांना पाडलं आणि त्याच नक्षीचं नाव झालं, 'एकटा माणूस देश चालवत नाही'. धागा तोच, रंग तेच. विणकर हे सांगताना इतका गंभीर होता की आम्हाला हसायची सोय नव्हती.

मग त्याने अबेनाला विचारलं, गाव कुठलं? वडील इथले, आई अन्लोगाची. "अरे, म्हणजे विरुद्ध पार्टी!" केन्टे आधी कुणी विणलं यावर असांते आणि एवे यांची जुनी तक्रार आहे. असांते म्हणतात, आमच्या दोन भावांनी कोळी किड्याचं जाळं बघून विद्या उचलली. एवे म्हणतात, आमच्याकडून पकडून नेलेल्या विणकरांनी तुम्हाला शिकवलं. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोने केन्टेची कला आपल्या यादीत घेतली, ती दोघांचीही म्हणून. विणकराला युनेस्कोचं कौतुक होतं, पण त्याची खरी तक्रार चीनहून येणाऱ्या छापील केन्टेबद्दल होती. ते मीटरच्या भावाने मिळतं आणि पहिल्या धुण्यात विटतं. अबेनाने घासाघीस करून एक पट्टा घेतला, गळ्यात घालायला. पिवळा, हिरवा आणि मधे लाल चौकटी.

बस न्कॉकॉ गावाच्या पुढे गेली असताना अबेनाच्या आईचा फोन आला. पोचलीस का, जेवलीस का, हिशेब कसा झाला. मग पट्ट्याचा विषय निघाला आणि फोनमधला आवाज चढला. अबेना एवेत काहीतरी पटवत होती, हसत होती, मधेच चिडत होती. मग तिने फोन माझ्या हातात दिला. "अँटी, तुम्हीच सांगा हिला."

मी सांगितलं की पट्टा सुंदर आहे, रंग तिला खुलून दिसतो.

"कितीला घेतला?" आईने इंग्रजीत विचारलं. मी आकडा सांगितला.

"एवढ्यात अगबोझुमेला तिच्या मामाने दोन दिले असते," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे अन्लोगाला होग्बेत्सोत्सोचा सण आहे. तुम्ही दोघी या. आणि मादाम याआ, तोवर कुणाकडून काही विकत घेऊ नका."